जुन्या विंडोज एक्सपी पीसीवर मित्राला दचकवायला खोटी ब्लू स्क्रीन (विंडोज क्रॅश झाल्यावर येते ती निळी स्क्रीन) दाखवणारं सॉफ्टवेअर कोणतं?

सिसइंटर्नल्सचा (विंडोजच्या छोट्या फुकट टूल्सचा संच) ब्लूस्क्रीन स्क्रीनसेव्हर टाक, मार्क रुसिनोविचने बनवलेला. ठाण्यात नौपाड्याला सायबर कॅफे सांभाळायचो तेव्हा आमच्या एक्सपीच्या मशीनवर हाच असायचा. नुसतं निळं चित्र नाहीये ते, आधी क्रॅशचा मेसेज, मग रीस्टार्ट होतंय असं दाखवतो, मग परत क्रॅश, आणि सेटिंगमध्ये फेक डिस्क ॲक्टिव्हिटी चालू केलीस की हार्डडिस्कचा लाइट पण लुकलुकतो, तिथेच भले भले फसतात. टाकायचं सोप्पंय:

- त्याची एससीआर (स्क्रीनसेव्हरची) फाइल विंडोजच्या सिस्टम32 फोल्डरमध्ये कॉपी कर
- डिस्प्ले प्रॉपर्टीजमधून स्क्रीनसेव्हर म्हणून निवड, वेळ 1 मिनिट ठेव

कुठलंही बटण दाबलं की जातो, पण घाबरलेला माणूस बटण दाबतच नाही, थेट प्लग खेचतो, त्यामुळे त्याची एखादी फाइल सेव्ह न करता उघडी असेल तर हे अजिबात करू नकोस. आणि फाइल मायक्रोसॉफ्टच्या साइटवरूनच घे (2006 मध्ये त्यांनीच सिसइंटर्नल्स घेतलं), प्रँकच्या नावाने फिरणाऱ्या बाकीच्या फाइल्समध्ये खरा व्हायरस निघाला तर दचकायची पाळी तुझी.