मार्क-टू घाटात बंद पडते? पंप विकत घेण्याआधी थांबा

एप्रिलच्या दुपारी खंबाटकी चढताना तुमची मार्क-टू अँबॅसिडर बंद पडते, बॉनेट उघडून अर्धा तास थांबलं की निमूट चालू होते, आणि मेकॅनिक म्हणतोय, "व्हेपर लॉक आहे, म्हणजे नळीतलं पेट्रोल उकळून वाफ अडकते; पेट्रोलचा इलेक्ट्रिक पंप टाकून मोकळे व्हा." याच सल्ल्यात माझे सगळ्यात जास्त पैसे बुडालेत.

पंप वाईट नसतो, त्याची जागा चुकते. आमच्या गॅरेजवाल्याने तो बॉनेटखाली फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) ठोकला, का तर वायर जवळ पडते! तिथून त्याला मागच्या टाकीतलं पेट्रोल ओढावं लागतं. ओढताना नळीतला दाब घटतो, आणि दाब घटला की पेट्रोल आणखी कमी तापमानाला उकळतं. रोग तोच, वर टकटक फुकट. पंप मागे टाकीजवळ, तळाच्या पातळीला हवा. तिथून तो पेट्रोल ढकलतो, आणि दाबाखालचं पेट्रोल सहजी उकळत नाही.

दुसरी गोची दाबाची. दुकानात सर्रास ४ ते ७ पीएसआयचा (पीएसआय म्हणजे दाबाचं माप) पंप गळ्यात मारतात. या गाडीच्या एसयू कार्बोरेटरचा नीडल व्हॉल्व्ह (पेट्रोल अडवणारी सुई) ३ च्या पुढे दम धरत नाही. या १४८९ सीसी इंजिनात कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला, म्हणजे ओव्हरफ्लो झालेलं पेट्रोल कुठे पडणार ते बघा. अडीच पीएसआयचा पंप घ्या, नाहीतर दाब कमी करणारा रेग्युलेटर लावा. जुना मेकॅनिकल पंप लाइनमध्ये ठेवू नका; त्याचा डायफ्रॅम (आतला पडदा) फाटला तर पेट्रोल थेट सम्पमध्ये, म्हणजे इंजिन ऑइलच्या टाकीत जाईल. पंपाची वायर ऑइलचा दाब असतानाच वीज देणाऱ्या ऑइल प्रेशर स्विचमधून घ्या, म्हणजे इंजिन थांबलं की पंपही थांबेल.

पण मुळात हा व्हेपर लॉकच आहे का? गरम झाल्यावर दगा देणारे ठिणगीचे भाग, म्हणजे कॉइल किंवा कंडेन्सर, हुबेहूब हीच लक्षणं दाखवतात. बंद पडल्या पडल्या स्पार्क बघा. टाकीचं झाकण उघडताना 'स्स' झालं तर व्हेंट (टाकीत हवा घेणारं भोक) बुजलाय, खर्च शून्य. आणि गाडी चालताना ठीक, पण दहा मिनिटं उभी केल्यावर पेट्रोलचा वास येऊन चालू होत नसेल, तर कार्बोरेटरच्या फ्लोट बोलमधलं (पेट्रोल साठतं त्या वाटीतलं) पेट्रोल उकळून आत उतरलंय. चोक ओढू नका, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारा.

माझ्या मते पंपाआधी करायची कामं: कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मधे ६ ते १० मिमीचा बेकेलाइट स्पेसर (अ‍ॅल्युमिनियमचा नको, तो उष्णता कार्बोरेटरकडे नेतो; कार्बोरेटर धरणारे स्टड पुरतात का बघा), मधे पत्र्याची हीट शील्ड, पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब. ठिणगीचं टायमिंग मागे पडलं असेल तर एक्झॉस्ट जास्त तापतो, तेही तपासा. ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मुळे जुने रबरी पाइप फुगतात, चिरतात. ओढणाऱ्या बाजूची बारीक चीर पेट्रोल गळू देत नाही, हवा आत घेते. इथेनॉलला चालणारा पाइपच मागा.

मी मेकॅनिक नाही, गाडी बघितल्याशिवाय खात्रीने सांगणार नाही. तोवर घाटासाठी ओलं फडकं जवळ ठेवा. फक्त पंपावर आणि नळीवर टाकायचं, आणि पिळून, कारण तापलेल्या बिडाच्या मॅनिफोल्डवर गार पाणी पडलं की त्याला तडा जाऊ शकतो.