स्किझोफ्रेनिया असलेल्या भावाला ‘मोका’ चाचणीत ३० पैकी २१ गुण मिळाले. हा डिमेन्शिया आहे का?

भावाचं वय ४६, आजार २२ वर्षांचा आणि गुण २१, एवढंच तुम्ही लिहिलंय. एवढ्यावरून डिमेन्शिया म्हणता येत नाही. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, या चाचण्या घेणं हे माझं रोजचंच काम.

मोका ही स्मरण, लक्ष वगैरे थोडक्यात तपासायची चाचणी २००५ साली आली, ती उतारवयातल्या विसराळूपणाची सुरुवात पकडायला. २६ ची रेघ, म्हणजे त्याखाली गुण गेले तर शंका घ्यायची, ही त्या लोकांसाठी आखलेली. स्किझोफ्रेनियात लक्ष, स्मरण, विचारांचा वेग हे सगळं बऱ्याचदा पहिला झटका येण्याआधीपासूनच थोडं घसरलेलं असतं. माझ्याकडचे बरेच जुने पेशंट २६ च्या खालीच असतात, त्यामुळे नुसतं ‘खाली आले’ यातून मला फारसं काही कळत नाही. गुण कुठे गेले ते बघावं लागतं. (भाऊ बारावी किंवा त्याहून कमी शिकला असेल तर एक गुण वाढवून द्यायचा असतो. दिलाय का, विचारा.)

१९७५ ची एमएमएसई ही अशीच जुनी चाचणी तर इथे आणखीच तोकडी पडते. तिच्यात ३० पैकी १० गुण वार, तारीख, गाव, मजला असल्या प्रश्नांना. आमच्या डे-केअरमधले एक काका तिच्यात २९ घेतात, पण कँटीनवर दोन गिऱ्हाइकं एकदम आली की सुट्ट्या पैशांचा हिशेब हुकतोच.

कारण या आजारात मोठा फटका बसतो तो वेगाला. मोकात वेळ लावून विचारलेला प्रश्न एकच, मिनिटभरात शब्द सांगायचे. म्हणून मी जोडीला आकड्याखाली त्याची खूण भरायची चाचणी घेते. वर १ ते ९ आणि त्यांच्या खुणा, खाली रिकाम्या चौकटी, दीड मिनिटात होतील तेवढ्या. स्किझोफ्रेनियासाठीच बनवलेल्या बीएसीएस या चाचणीसंचातही ती आहे. या संचाचे सहा भाग असून साधारण ३५ मिनिटं लागतात. ओपीडीच्या गर्दीत तेवढा वेळ कोण देणार, हा प्रश्न आहेच.

आणखी एक. काही पेशंट विचार न करताच ‘माहीत नाही’ म्हणून मोकळे होतात. ते विसरणं नव्हे, आजारातली उदासीनता. पण कागदावर शून्यच पडतं.

डॉक्टरांना हे विचारा: हातापायांच्या थरथरीसाठी ट्रायहेक्सीफेनिडिल चालू आहे का? त्या गोळीने स्मरण मंदावतं, पण स्वतःहून बंद करू नका. थायरॉइड आणि बी-१२ तपासलंय का? आधीच्या एखाद्या चाचणीचा कागद फाइलमध्ये असेल तर तो शोधा, नाहीतर सहा महिन्यांनी मोकाच्याच दुसऱ्या नमुन्यावर पुन्हा घ्यायला सांगा. मात्र रोजच्या रस्त्यावर चुकणं, शर्टाची बटणं लावता न येणं असं काही गेल्या काही महिन्यांतच सुरू झालं असेल, तर सहा महिने थांबू नका, न्यूरॉलॉजिस्टकडे न्या.