पहिल्या पेरणीची धास्ती

वडिलांच्या पश्चात आठ एकर कोरडवाहू रान अंगावर पडले आणि मृगाच्या तोंडावर झोप उडाली, असे आपण लिहिले आहे. मराठवाड्यात ही धास्ती कोणाला चुकलेली नाही. मात्र तिला हाकलत बसण्यापेक्षा त्यातले आपल्या हातचे काय आणि हाताबाहेरचे काय, हे कागदावर दोन रकान्यांत लिहून काढावे. पाऊस दुसऱ्या रकान्यात जाईल, बियाणे पहिल्या.

या वर्षी एवढेच करा:

- घरच्या सोयाबीनचे 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा आणि आठवड्याने कोंब मोजा. 70 पेक्षा कमी निघाले, तर दुसरे बियाणे पाहा.
- 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नका.
- सोयाबीनच्या 4 ओळींमागे तुरीच्या 2 ओळी ठेवा.

नवखा माणूस चुकतो तो शेजाऱ्याचा ट्रॅक्टर रानात शिरलेला पाहून. मीही पहिल्या वर्षी असाच पावसाच्या एका सरीवर पेरून मोकळा झालो. चौथ्या दिवशी पेरलेल्या ओळीत बोटे घातली, तेव्हा वरचा थर दमट होता आणि खाली नुसता फुफाटा, त्यात फुगून कुजलेले दाणे. दुबार पेरणीचे बियाणे उधारीवर आणावे लागले. याच्या उलट, भीतीपोटी वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, येऊनही पेरणी 15 जुलैच्या पुढे ढकलणारेही असतात आणि त्याला ते सावधपणा म्हणतात. ठिबक, नवे वाण, बाजारातील तेजी-मंदी हे विषय तूर्त बाजूला असू द्या. गोणपाट मात्र आजच भिजवा.