गावात माजी सैनिकांचा सन्मान सोहळा ठेवायचा आहे. कार्यक्रम कसा आखावा, भेट काय द्यावी?

तुम्ही लिहिलंय की गाव बीड जिल्ह्यातलं आहे, पंधरा-वीस माजी सैनिक आहेत, वर्गणी बेताचीच जमलीय आणि १४ जानेवारी ही तारीख ठरतेय. आधी तारीख बदला. फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ मध्ये १४ जानेवारीला निवृत्त झाले म्हणून तो माजी सैनिक दिन, हे बरोबर आहे. पण बऱ्याच वर्षी त्याच दिवशी संक्रांत असते. बाया ववसायला जाणार, आणि फौजीच्या विधवेला तर त्या दिवशी कुणी हळदीकुंकवालाही विचारत नाही. मग तुमच्या मांडवात बसणार कोण? त्यापेक्षा १६ डिसेंबर घ्या, १९७१ च्या पाकिस्तानबरोबरच्या युद्धाचा विजय दिवस आहे. त्या युद्धातले जे कुणी उरलेत ते आता सत्तरीच्या पुढं गेलेत. कार्यक्रम संध्याकाळी ठेवा, दिवसा लोक कापूस वेचायला रानात असतात.

आता सत्काराचं. माझे वडील, अण्णा, महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून पेन्शनवर आले. गाव त्यांना मेजर म्हणतं. आमचं गाव सगळ्याच फौजींना मेजर म्हणतं. काही वर्षांमागं १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्रामाच्या झेंडावंदनानंतर, शाळेच्या मैदानात सगळ्या माजी सैनिकांचा सत्कार होता. अण्णांनी ट्रंकेतून मेडलं काढली, ब्रासो लावून आदल्या रात्री घासली, जुना कोट शिंप्याकडून उसवून सैल करून आणला. बोलावलं होतं नऊला. पाहुणे जिल्ह्याच्या झेंडावंदनाहून निघणार, म्हणजे बारा वाजणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. तोवर ही म्हातारी माणसं उन्हात बसून.

पाहुणे आले. आधी पाहुण्यांचा सत्कार, मग पाहुण्यांच्या गाडीतून आलेल्यांचा, मग देणगीदारांचा, मग मंडपवाल्याचा. फौजींची पाळी येईपर्यंत फेटे संपले. मग एकाच्या डोक्यावरचा फेटा फोटो झाला की उचलायचा आणि पुढच्याच्या डोक्यावर ठेवायचा. पाहुणे नारळ देताना कॅमेऱ्याकडं बघत होते. अण्णांनी दोन्ही हात पुढं केले तरी नारळ भलतीकडंच चालला होता, शेवटी अण्णांनीच हात लांबवून तो धरला.

निवेदक म्हणाला, मेजरसाहेबांनी दोन शब्द बोलावेत. अण्णा माईकपासून हातभर लांब, सावधानमध्ये उभे राहिले. "आमी पलालीच्या धावपट्टीवर उतरलो, तवा आमाला सांगितलं होतं, लढायचं न्हाई, शांतता राखायची." १९८७ ची श्रीलंका, आपली शांतिसेना तिथं गेली होती. आमच्या घरात हा विषय त्यांनी कधीच काढला नव्हता. आई बायांमध्ये बसली होती, ती शेजारणीशी बोलायची थांबली. "मंग ऑक्टोबरात जाफन्याला..." एवढं झालं आणि निवेदकानं चिठ्ठी सरकवली. अण्णांनी ती वाचली, जय हिंद म्हटलं, खाली बसले. तेवढ्यात आणखी एक पुढारी उशिरा आला, त्याला खुर्ची नव्हती. अण्णांनी आपली दिली आणि स्टेज उतरून घरी गेले.

आमचा चुलतभाऊ या कार्यक्रमाचा आयोजक. तो आजही दर लग्नात, पंगतीत बसल्या बसल्या, हे उकरून काढतो: काकांनी सत्कार अर्धवट सोडून गावाची मान खाली घातली. अरे बाबा, खुर्ची तुझ्याच पाहुण्याला दिली ना? शांतता राखायला गेलेल्यांना त्या श्रीलंकेत तमिळ वाघांशी लढावं लागलं, आपले सुमारे बाराशे जवान मारले गेले. अण्णांच्याच रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ ला तिथं पडले, मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. श्रीलंकेनं कोलंबोजवळ आपल्या जवानांचं स्मारक उभारलंय. आणि आपल्या गावात ते ऐकायला पाच मिनिटं नव्हती, मंडपवाल्याच्या शालीला होती. हे उत्तर तो वाचणार, वाचू दे.

तर, पुढाऱ्याला बोलायला दोन मिनिटं द्या आणि फौजीला हवी तेवढी. शाळेतली पोरं समोर बसवा, त्यांना प्रश्न विचारू द्या. विधवा आल्या असतील तर त्यांना पहिल्या रांगेत बसवा, आणि कुंकवाचं ताट त्यांच्यापुढून तसंच पुढं नेऊ नका.

खरा सन्मान मात्र कागदात असतो. २०२० पासून राज्यात माजी सैनिकाच्या आणि सैनिकाच्या विधवेच्या एका घराला घरपट्टी माफ आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो. ज्या ग्रामपंचायतीनं अण्णांना शाल दिली तिथंच त्यांचा हा अर्ज वर्षभर पडून होता. दुसरं, पेन्शनसाठी दरवर्षी लागणारा हयातीचा दाखला. अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात, मोबाईलवर ओटीपी येतो तो नातवाच्या नंबरवर, आणि नातू पुण्याला. तिसरं सगळ्यात वाईट: फौजेच्या कागदावर बायकोचं नाव रुक्मिणबाई, आधारवर रुक्मिणी, जन्मतारीख तिसरीच. म्हातारा गेला की कौटुंबिक पेन्शन त्यावर अडते. तो जिवंत असतानाच रेकॉर्ड ऑफिसला कागद जायला पाहिजेत. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला. त्या दिवशी मांडवात एक टेबल लावा, लॅपटॉपवाली दोन पोरं बसवा आणि प्रत्येकाचे कागद पडताळून घ्या. हारांच्या खर्चात होतं.

सगळीकडं आमच्यासारखंच होतं असं नाही. काही गावं सुट्टीवर आलेल्या, रिटायर झालेल्या पोराची वेशीपासून मिरवणूक काढतात आणि ती बघण्यासारखी असते. शिवाय प्रत्येक फौजीला बोलायचं असतंच असंही नाही, आधी घरी जाऊन विचारा.

भेटीचं राहिलं. भिंतीवरचं घड्याळ देऊ नका, प्रत्येकाकडं आहे. चांगली घोंगडी द्या, थंडीचे दिवस आहेत. प्रमुख पाहुणे म्हणून जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना पत्र पाठवा, आणि त्यांच्या शेजारची खुर्ची ग्रामसेवकाला द्या.