आपल्या विषयाबाहेरचे पीएचडी प्रबंध वाचून काही हाती लागतं का? कुठले आणि कसे वाचावेत?

तुम्ही लिहिलंय की नागपुरात इतिहासात एम.ए. करताय, दुसऱ्या विषयांचे प्रबंध चाळावेसे वाटतात, पण तुमचे सर म्हणाले, "प्रबंध गाईड आणि परीक्षक सोडून कोणी वाचत नसते, वेळ घालवू नको."

सरांचा हिशेब चुकला. त्या दोघांच्याही आधी तो टाईप करणारा वाचतो. कधीकधी तो एकटाच वाचतो. मी तो माणूस. 1998 ते 2019 बर्डीवर, झाशी राणी चौकाच्या मागे माझं डीटीपीचं दुकान होतं. वनस्पतिशास्त्र, पाली, वाणिज्य, गृहविज्ञान, भूगोल, जे आलं ते टाईप केलं. प्रबंध किती झाले ते मोजले नाहीत. पानं मोजली, कारण पैसे पानामागे होते.

आता उत्तर. हो, हाती लागतं. कसं ते सांगतो, थोडं लांबेल.

2004 च्या उन्हाळ्यात महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयातला एक मुलगा एम.एस्सी.चा प्रबंध घेऊन आला. विषय संत्र्याचा डिंक्या, म्हणजे बुरशीमुळे बुंध्यातून डिंक गळायचा रोग. इंग्रजी मजकूर, अक्षर असं की मुंग्या चालून गेल्यासारख्या. त्यात 'फायटॉफ्थोरा' हा शब्द दर पानावर चार-पाचदा आणि माझ्याकडून दर वेळी चुकायचा. शेवटी संगणकात शॉर्टकट करून ठेवला. पण तोपर्यंत त्या बुरशीशी माझी चांगली ओळख झाली होती. ती ओल्या जमिनीत राहते, पाण्याबरोबर या झाडाच्या आळ्यातून (बुंध्याभोवती पाण्यासाठी केलेल्या खळग्यातून) त्या झाडाच्या आळ्यात जाते, बुंधा सतत ओला राहिला की सालीत शिरते. आपल्या भारी काळ्या जमिनीत पाणी मुरत नाही, तिथे तिचं फावतं. कलमाचा डोळा मातीत गाडला गेला असेल तर आणखीच. गोष्टीसारखं वाचत गेलो आणि टाईप करत गेलो. मुलगा सबमिशन करून गेला, मी विसरलो.

2007 च्या पोळ्याला सासुरवाडीला गेलो, काटोल तालुक्यात. मामाजींची संत्र्याची बाग, त्यातली साठेक झाडं पिवळी पडलेली, पानं गळालेली. मामाजी एका झाडापाशी घेऊन गेले आणि म्हणाले, "जावईबापू, हे झाड रडून राह्यलं पाहा." बुंध्यावरून डिंक ओघळत होता. आळी एकच, बुंध्याला लागून, आणि पाटाचं पाणी या झाडाकडून त्या झाडाकडे. मी म्हटलं, "मामाजी, हा डिंक्या दिसते. पाणी बुंध्याले लागून राह्यलं."

सोबत आमचे साडभाऊ होते. एका कॉलेजात वाणिज्य शिकवतात, तेव्हा त्यांची पीएचडी चालू होती. ते म्हणाले, "खत कमी पडलं, दुसरं काही नाही." मग माझ्याकडे बघून हसले. "टाईप केलं म्हणजे समजलं असं नसते भाऊ. टायपिंग करता करता हे तर कृषिशास्त्रज्ञच झाले वाटते!" पुरणपोळीच्या पंगतीत सगळ्यांसमोर हे पुन्हा एकदा झालं. बायकोही हसली, ते जास्त लागलं.

मी नागपूरला आलो, जुन्या सीडीत ती फाईल शोधली, शिफारशींचं पान छापून मामाजींना पाठवलं. मामाजी हुशार. त्यांनी माझ्यावरही विश्वास ठेवला नाही आणि साडभाऊंवरही नाही. साल आणि मुळं पिशवीत घालून अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळांच्या संशोधन केंद्रात आले. तिथेही डिंक्याच सांगितला. मग रोगट साल खरवडली, बोर्डो पेस्ट लावली (एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी), आणि दुहेरी आळी केली, म्हणजे आतलं वर्तुळ कोरडं आणि पाणी फक्त बाहेरच्या वर्तुळात. वीसेक झाडं गेली, बाकीची राहिली. साडभाऊ आजही म्हणतात की पुढच्या वर्षी पाऊस कमी झाला म्हणून राहिली. म्हणोत.

त्यामुळे 'कोणी वाचत नाही' हे वाक्य माझ्यासमोर बोलू नये. बाबासाहेबांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लंडनमध्ये 1923 साली पुस्तकरूपाने निघाला, आपलं नागपूर विद्यापीठ स्थापन झालं त्याच वर्षी. तोही आधी परीक्षकांना रुचला नव्हता, दुरुस्त करून द्यावा लागला. पुढे चलनाच्या प्रश्नावर हिल्टन यंग आयोग आला तेव्हा त्याच्यापुढे त्यांनी साक्ष दिली. त्यात इतिहास आहे, अर्थशास्त्र आहे. इतिहासवाल्याने तो वाचायचा नाही तर कोणी?

आता कसे वाचायचे. पीएचडीसाठी शोधगंगा, म्हणजे भारतातल्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट, म्हणजे विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणारं केंद्र, ती चालवतं. प्रबंधाची डिजिटल प्रत द्यायचा नियम यूजीसीने 2009 साली केला, म्हणून त्यानंतरचे जास्त सापडतात. पाच लाखांच्या वर प्रबंध आहेत. एम.ए., एम.एस्सी.चे तिथे शोधू नका. शेतीचे हवे असतील तर कृषिकोश हा तसाच ऑनलाइन साठा पाहा, तिथे एम.एस्सी.चेही आहेत. शोधगंगेवर प्रकरणवार फाईली असतात. ज्या फाईलीच्या नावात 80 आकडा आणि 'रेकमेंडेशन' असतं ती आधी उघडा, त्यात बहुतेक शीर्षकाबरोबर निष्कर्ष असतो. पाच मिनिटांत कळतं, पुढे जायचं की नाही.

मराठी प्रबंध शोधताना एक अडचण येईल. आम्ही लोकांनी ते श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केले. दिसायला देवनागरी, पण संगणकाच्या लेखी आत रोमन चिन्हांची खिचडी. अशा फाईलीत 'शेतकरी' शोधाल तर एकदाही मिळणार नाही. काही तर नुसते स्कॅन केलेले आहेत. म्हणून शीर्षक रोमन लिपीतही टाकून पाहा, गाईडच्या नावाने शोधा, विभागाची यादी उघडून एकेक खाली जा. या खिचडीत माझाही हात आहे, त्याबद्दल माफी.

'पूर्वसाहित्याचा आढावा' हे प्रकरण बिनधास्त सोडा. माझ्या अनुभवात उसनवारी तिथेच सगळ्यात जास्त. एकाच विभागातल्या दोन मुलांचं ते प्रकरण मी स्वल्पविरामासकट सारखं टाईप केलेलं आहे. 2018 पासून यूजीसीचा नियम आला की दुसऱ्याच्या मजकुराशी साम्य दहा टक्क्यांच्या वर नको, तेव्हा लोक शब्द उलटसुलट करून आणू लागले, वाचणं आणखी अवघड झालं. वाचायचं ते पद्धतीचं प्रकरण, तक्ते आणि परिशिष्टं. गृहविज्ञानाच्या एका बाईंनी दोनशे घरांत स्वयंपाकाचा ओटा किती इंच उंच आहे ते टेपने मोजलं होतं. निष्कर्ष साधाच होता, पण तो तक्ता शंभर वर्षांनी एखाद्या इतिहासवाल्याला सोन्यासारखा वाटेल. परिशिष्टातल्या मुलाखती, प्रश्नावल्या, गावांच्या याद्या दुसरीकडे कुठे छापलेल्या नसतात.

जाडीला भुलू नका. गणितज्ञ जॉन नॅशचा 1950 चा प्रबंध 28 पानांचा होता, त्याच कामावर 1994 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडे तीनशेच्या खाली गेलं की गाईड नाराज. मी तक्रार करत नव्हतो, पानामागे पैसे होते. दीड स्पेस, मोठा फॉन्ट, रुंद समास, सगळं करून दिलं.

आणि ऋणनिर्देश नक्की वाचा. ज्याने गावातल्या माणसांची नावं लिहिली, बैलगाडी देणाऱ्याचं नाव लिहिलं, तो गावात गेला होता. ज्याच्यात फक्त प्राचार्य, संस्थाध्यक्ष आणि कुलगुरू आहेत, त्याचा डेटा जरा जपून वापरा.

हे सांगायचं राहिलं: मी साधा बी.कॉम. आहे, तेही थर्ड क्लास. माझं मत म्हणजे दुकानाच्या काउंटरमागचं मत. आणि जुन्या शेतीच्या प्रबंधातली औषधं जशीच्या तशी बागेत मारू नका, आधी विचारा. मामाजींनी विचारलं, म्हणून निभावलं. आढाव्याचं प्रकरण चांगलं लिहिणारेही असतात, मला दोन-तीन भेटले.

साडभाऊंचा प्रबंध 2011 साली मीच टाईप केला. घरचं काम, पैशाचा विषय निघाला नाही. तो शोधगंगेवर आहे. ऋणनिर्देश सव्वादोन पानांचा. गाईड, प्राचार्य, ग्रंथपाल, मामाजी, सासूबाई, पत्नी, दोन्ही मुलं, बाइंडिंगवाला. बहुतेक प्रबंधांत शेवटच्या परिच्छेदात 'सुबक अक्षरजुळणी' करणाऱ्याचं नाव असतं, निदान दुकानाचं तरी. ते पान मी रात्री दीड वाजता टाईप केलं. शेवटच्या ओळीपर्यंत वाट पाहिली, मग खाली तारीख आणि 'नागपूर' टाकून प्रिंट दिली. एक ओळ वाढवली असती तर त्यांना कळलंही नसतं. प्रिंटवर सही करताना ते पान त्यांनी वाचलंच नाही.