स्वयंसेवकांच्या नमुन्यांवरून किरणोत्सर्गाचे मोजमाप

प्रश्न : किरणोत्सर्ग मोजण्याच्या संशोधनासाठी निरोगी स्वयंसेवकांकडून रक्त आणि काढलेले दात मागवले जातात, असे वाचले. ज्यांचा किरणोत्सर्गाशी संबंधच आलेला नाही, त्यांच्या नमुन्यांचा उपयोग काय, आणि त्यात देणाऱ्याला धोका असतो का?

उत्तर : धोका रक्त तपासणीसाठी सुई टोचून घेण्याइतकाच, कारण किरण स्वयंसेवकावर नव्हे, तर नळीत काढून घेतलेल्या त्याच्या रक्तावर सोडले जातात. अपघातात सापडलेल्या माणसाजवळ किरणांची मात्रा (शरीराने शोषलेले प्रमाण) नोंदवणारा बिल्ला नसेल, तर त्याला किती मात्रा मिळाली हे त्याच्या शरीरातूनच शोधावे लागते. किरणांमुळे लिम्फोसाइट या रक्तपेशींमधील गुणसूत्रे तुटतात आणि तुटलेले तुकडे भलतीकडे जुळून काही गुणसूत्रांना एकाऐवजी दोन सेंट्रोमिअर (गुणसूत्राचे मधले जोडबिंदू) येतात. अशी द्विकेंद्री गुणसूत्रे किरणोत्सर्ग न झालेल्या माणसात साधारणपणे हजार पेशींमागे एखादेच आढळते, म्हणूनच त्यांची वाढलेली संख्या बोलकी ठरते. मात्र किती संख्येमागे किती मात्रा, हे आधी ठाऊक असावे लागते; त्यासाठी निरोगी रक्ताच्या नमुन्यांना ठरावीक मात्रा देऊन, पेशी सुमारे 48 तास वाढवून, सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी करून आलेख तयार करतात. स्वयंसेवकाचे रक्त नसेल तर ही मोजपट्टीच तयार होणार नाही. ब्राझीलमधील गोयानिया येथे 1987 मध्ये सीझियम-137 या किरणोत्सर्गी पदार्थामुळे बाधित झालेल्यांची मात्रा याच पद्धतीने अंदाजली गेली.

या पद्धतीने 0.1 ग्रेच्या (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) आसपासची मात्रा ओळखता येते, पण त्यासाठी शेकडो पेशी मोजाव्या लागतात. शिवाय द्विकेंद्री गुणसूत्रे काळाबरोबर कमी होत जातात. जुन्या किरणोत्सर्गासाठी दात अधिक भरवशाचे, कारण एनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या कठीण बाह्य आवरणात, किरणांनी निर्माण केलेले मूलक (एकटे इलेक्ट्रॉन असलेले कण) दीर्घकाळ टिकतात. हिरोशिमा-नागासाकीतील वाचलेल्यांचे दात या मूलकांसाठी तपासले गेले आहेत.

माझ्या मते सहभागी होण्याआधी संमतिपत्र नीट वाचणे अत्यंत आवश्यक आहे: नमुना पुढे कशासाठी वापरला जाईल, किती काळ ठेवला जाईल आणि सहभाग मागे घेता येईल का, हे त्यात स्पष्ट असले पाहिजे. वय, धूम्रपान आणि पूर्वी झालेल्या वैद्यकीय तपासण्यांबद्दलचे प्रश्न खासगी वाटले तरी टाळू नका, कारण काही गुणसूत्रीय बदल वयाने आणि धूम्रपानानेही वाढतात. दात देणार असाल तर तो समोरचा की दाढ, आणि त्याचे एक्स-रे काढले होते का, हे आवर्जून सांगा. समोरच्या दातांवर सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांचाही परिणाम होतो, त्यामुळे संशोधक सहसा दाढेला पसंती देतात.