वाचकांचे प्रश्न : कार्ट नंतर घ्या, आधी पोराला फेऱ्या मारू द्या

मागच्या अंकात सहज एका ओळीत लिहून गेलो होतो की माझ्या पोराने सहा वर्षं कार्ट रेसिंग (कार्ट म्हणजे बिनछपराची, जमिनीलगतची छोटी रेसगाडी) केलं आणि त्या काळात मी त्याचा मेकॅनिक, ड्रायव्हर, हमाल, सगळं होतो. त्यावर एवढी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही म्हणून चार निवडलीत, नावं छापत नाही.

प्रश्न : मुलगा ७ वर्षांचा आहे, टीव्हीवर रेस लागली की जागचा हलत नाही. मिस्टर म्हणतात सरळ कार्टच विकत घेऊन टाकू. वय लहान नाही ना? आणि सुरुवात नेमकी कुठून करायची?

ताई, वय लहान नाहीये, अगदी छोट्यांचे गट पाच-सहा वर्षांपासून असतात. मी वयाकडे तसं कमी बघतो. पाय पेडलला नीट पोचतात का, आणि एकदा सांगितलं की थांबतो का, हे बघतो. दुसरं जास्त महत्त्वाचं, कारण ट्रॅकवर लाल झेंडा दिसला की सेशन थांबलं, म्हणजे लगेच वेग कमी, तिथे "एकच राउंड अजून" चालत नाही. घरी खेळ बंद कर म्हटल्यावर जो पोरगा अर्धा तास रडतो त्याला अजून एक वर्ष थांबवलं तर काही बिघडत नाही.

मिस्टरांना सांगा, वर्षभर तरी कार्ट घेऊ नका. आधी भाड्याच्या कार्टवर सोडा. त्या जड असतात, सगळीकडून बंपर असतो, वेग बेताचा असतो, पण डाव्या पायाने ब्रेक आणि उजव्या पायाने ॲक्सिलरेटर हे एकदा अंगात मुरायला त्याच बऱ्या. नवीन पोरं पहिले काही दिवस दोन्ही पेडल एकदम दाबतात, मग गाडी नुसती गुरगुरते आणि पुढे जात नाही, आणि बाहेर उभ्या बापाला वाटतं इंजिनच खराब आहे. ते झालं की एखाद्या रेसिंग स्कूलमध्ये किंवा टीमकडे दिवसाच्या हिशोबाने चालवायला मिळतं, गाडी त्यांची, मेकॅनिक त्यांचा, आपण फक्त पोरगा आणि डबा घेऊन जायचं. यातच एखादा वाईट दिवस येऊ द्या, पाऊस, चारदा स्पिन (गाडी गर्रकन फिरणं), शेवटचा नंबर. त्या दिवशी घरी येताना गाडीत त्याने स्वतःहून "परत कधी जायचं" विचारलं तर खरेदीचं बोला. तुम्हाला विचारावं लागलं तर अजून थांबा.

पैशाचं पण बोलूनच टाकतो कारण लोक फक्त कार्टची किंमत विचारतात आणि तिथेच फसतात. कार्ट एकदाच घ्यायची असते, टायर, इंजिन उघडून परत बांधणं, पेट्रोल, एंट्री फी, प्रवास हे मात्र दर महिन्याला चालूच. फॉर्म्युला वनचा चॅम्पियन शूमाकर ४ वर्षांचा असताना वडिलांनी त्याच्या पेडलवाल्या गाडीला मोटरसायकलचं छोटं इंजिन बसवून दिलं, त्याने ती जाऊन दिव्याच्या खांबाला ठोकली, मग त्याला जर्मनीतल्या केर्पेनच्या कार्ट ट्रॅकवर नेलं. पुढे हे सगळं परवडावं म्हणून वडील ट्रॅकवर कार्ट दुरुस्त करायचे आणि आई तिथल्याच कँटीनमध्ये काम करायची. फॉर्म्युला वनच्याच हॅमिल्टनचे वडील पण एका वेळी तीन-चार कामं करत होते. या गोष्टी ऐकायला छान वाटतात, पण मिस्टरांसोबत वही-पेन घेऊन बसाल तेव्हा त्या हिशोब म्हणून डोळ्यासमोर ठेवा.

प्रश्न : नात १० वर्षांची आहे, तिला कार्टिंगला घालायचं चाललंय. मी जाऊन बघून आलो, त्या गाडीला सीटबेल्टच नाही! मुलाला विचारलं तर म्हणतो असंच असतं. असं कसं असतं? आणि मुलींचं वेगळं असतं का?

काका, मुलगा बरोबर बोलतोय, फक्त कारण सांगायचं राहिलं त्याचं. रेसच्या कारला डोक्यावर लोखंडी पिंजरा असतो, ती उलटली तर आतला माणूस पिंजऱ्यात बांधलेला असणं चांगलं. कार्टला छप्पर नाही आणि पिंजराही नाही, ती उलटली आणि पोर पट्ट्याने बांधलेलं असेल तर सगळं वजन त्याच्या अंगावर येणार. त्यापेक्षा सुटून बाजूला पडलेलं बरं, असा तो विचार आहे. म्हणूनच सूट जाड असतो, घसरताना कातडी सोलू नये म्हणून. कार रेसिंगचा सूट आगीसाठी असतो, कार्टिंगचा घसरण्यासाठी, दुकानदार दोन्ही एकच म्हणून सांगत असेल तर तिथून उठा.

आता तुम्ही आजोबा म्हणून लक्ष ठेवायचं ते हेल्मेटवर. "वाढतं अंग आहे, एक नंबर मोठं घेऊ" हे बुटाला चालतं, हेल्मेटला अजिबात नाही. पट्टा बांधा, हेल्मेट दोन्ही हातांनी धरून हळूच डावीकडे-उजवीकडे फिरवा, गालाची कातडी हेल्मेटबरोबर ओढली गेली पाहिजे, हेल्मेट एकटंच फिरलं तर ते मोठं आहे. मग मागून वर उचलून पुढे ओढून बघा, निघता कामा नये. लहान मुलांसाठी हलकी हेल्मेट वेगळी येतात, स्नेल सीएमआर असा शिक्का असतो, मोठ्यांचं जड हेल्मेट त्या बारक्या मानेवर घालू नका. जुनं वापरलेलं तर फुकट मिळालं तरी नको, ते आधी कुठे आपटलंय ते बाहेरून दिसत नाही. बरगड्यांचं जाकीट पण पहिल्या दिवसापासून, कारण सीट कडक असते, सस्पेन्शन नसतं, आणि प्रत्येक वळणाला बरगडी सीटच्या काठावर दाबली जाते. माझा पोरगा एकदा न घालता गेला आणि पुढे आठवडाभर हसायला घाबरत होता.

नातीचे केस लांब असतील तर बांधून, बालाक्लाव्हाच्या (हेल्मेटखाली घालायच्या कापडी टोपीच्या) आत, सूटच्या आत. ओढणी, स्कार्फ, हुडीची नाडी, काहीही बाहेर लोंबता कामा नये, मागचा ॲक्सल, म्हणजे मागची दोन चाकं जोडणारा दांडा, उघडा फिरत असतो. यावर मी कुणाचं काही ऐकून घेत नाही.

मुलींचं वेगळं काही नसतं, कार्टिंगमध्ये मुलं-मुली एकाच रेसमध्ये. पुढे कारमध्ये गेल्यावर फक्त मुलींची एफवन अकॅडमी नावाची रेस मालिका आहे, २०२३ ला सुरू झालेली, पण ते अजून लांब आहे.

प्रश्न : मुलगा ११ वर्षांचा, सेकंडहँड कार्ट घेतली. बाकीच्या पोरांपेक्षा लॅपला दोन सेकंद मागे आहे. इंजिन बांधून घेतलं, स्प्रॉकेट बदललं, नवीन टायर टाकले, फरक नाही. मी कठड्यावरून सतत सांगत असतो कुठे ब्रेक मार, तरी तेच. काय चुकतंय?

दादा, शेवटून दुसरं वाक्य परत वाचा.

आधी गाडीचं बघू म्हणजे तुमचं समाधान होईल. कार्ट उलटी करा आणि खालचे पाइप हाताने चाचपा, घासून चपटे झालेत का, सीटच्या आणि स्टिअरिंगच्या जवळच्या वेल्डिंगला केसाएवढी चीर आहे का. मागचा ॲक्सल हवेत उचलून फिरवा आणि एक डोळा मिटून टोकाकडे बघा, टोक गोल फिरताना डगमगत असेल तर तो वाकलाय. मग सीट. जुनी कार्ट म्हणजे सीट दुसऱ्याच्या पोराच्या मापाची, त्यात तुमचा पोरगा इकडून तिकडे सरकत असेल तर तो स्टिअरिंगला लोंबकळून स्वतःला सावरतो, वळवणार कधी?

हे का महत्त्वाचं ते सांगतो. कार्टला डिफरेन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसतं, मागची दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर घट्ट, त्यामुळे वळणावर आतल्या चाकाने कमी आणि बाहेरच्याने जास्त फिरायचं असलं तरी दोन्ही सारखीच फिरतात. मग गाडी सरळच जायला बघते. यावर उपाय एकच, वळताना आतलं मागचं चाक जमिनीवरून थोडंसं उचललं गेलं पाहिजे. ते सीटच्या जागेवर, पोराच्या वजनावर आणि पुढची चाकं किती आणि कशी वळतात त्यावर असतं. पोरगा घाबरून वळणाच्या मध्यापर्यंत ब्रेक धरून बसला आणि स्टिअरिंग कचकन पूर्ण वळवलं की पुढचे टायर नुसते घासतात, वेग तिथेच मरतो, मग इंजिन कितीही बांधा. खात्री करायची तर त्याच ग्रुपमधल्या, साधारण तेवढ्याच वजनाच्या एखाद्या फास्ट पोराला तुमची कार्ट पाच राउंड द्या. त्याचा टाइम चांगला आला तर दोष गाडीत नाही, पाने-पक्कड पेटीत ठेवून द्या.

आता कठड्याचं. मी पण हेच करायचो, हात हलवून, ओरडून, हेल्मेट आणि इंजिनच्या आवाजात त्याला एक अक्षर ऐकू जात नव्हतं तरी. एकदा त्याच्या कोचने मला काही न बोलता हाताला धरून ट्रॅकच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि म्हणाला आता बघा. तिकडून दिसलं, प्रत्येक राउंडला त्या वळणाच्या आधी पोराचं हेल्मेट पाव सेकंद कठड्याकडे वळत होतं, जिथे मी रोज उभा असायचो. मी तिथे नव्हतो तरी. आणि तेवढ्यात त्याचा ब्रेकिंग पॉइंट निघून जायचा. पुढचे दोन महिने मी प्रॅक्टिसला टायरची हवा मोजली, चेनला तेल दिलं आणि सेशन चालू असताना पार्किंगमध्ये बसलो. शिकवायचं काम एकाच माणसाचं, कोचचं. तुम्ही एक करा, सेशन संपल्यावर दहा मिनिटं काहीही विचारू नका, आधी पाणी द्या, तो आपणहून बोलतो.

एक राहिलं, वजन. नियमात गाडी आणि ड्रायव्हर मिळून किमान वजन ठरलेलं असतं, हलक्या पोरांच्या सीटला शिसं बोल्ट करून लावतात. तुमचा त्याच्या वर जात असेल तर टाइम थोडा जाणारच. त्यासाठी त्याचं जेवण कमी करू नका हो, मी असे बाप बघितलेत. वरच्या गटात बसत असेल तर तिकडे न्या.

प्रश्न : काका मी १३ वर्षांचा आहे. सिम्युलेटरवर खूप फास्ट आहे पण खरी कार्ट फक्त दोनदा चालवली. आईबाबा म्हणतात आता उशीर झाला. खरंच झाला का?

नाही रे. फॉर्म्युला वन चॅम्पियन आयर्टन सेना पहिली कार्ट रेस १३ व्या वर्षी धावला, १९७३ ला, अर्थात घरच्या अंगणात तो त्याच्या खूप आधीपासून चालवत होता हे पण सांगतो, नाहीतर आईबाबा मला पकडतील. डेमन हिल तर आधी मोटरसायकल रेसिंगमध्ये होता, कारकडे विशी उलटल्यावर आला आणि १९९६ ला फॉर्म्युला वनचा वर्ल्ड चॅम्पियन झाला. कार्टिंगनंतरची पहिली पायरी म्हणजे फॉर्म्युला ४ कार, तिच्यात पण १५ च्या आधी कुणालाच बसता येत नाही. पण तुझ्या वयाची पोरं पाच-सहा वर्षं चालवून आलेली असणार, पहिलं वर्ष तू मागेच राहणार, ते चालेल का ते आधी ठरव.

सिम्युलेटर वाया जात नाही, लाइन (वळणातून गाडी कुठून न्यायची) आणि ब्रेक कुठे मारायचा हे त्यावर कळतं. मान, हात आणि बरगड्या मात्र त्यावर तयार होत नाहीत, दहा मिनिटं खरी कार्ट चालवून उतरलास की बोटं उघडत नाहीत ते तू बघितलं असशीलच. आईबाबांकडे एकदम कार्ट मागू नको, महिन्याला एक भाड्याचं सेशन माग आणि प्रत्येक वेळचे लॅप टाइम वहीत लिहून ठेव, फक्त सगळ्यात फास्ट राउंड नको, दहा राउंड मारलेस तर दहाच्या दहा लिही. सुरुवातीला त्या दहांमध्ये दोन-दोन सेकंदांचा फरक असेल, तो अर्ध्या सेकंदावर आला की ती वही बाबांना दाखव. आणि झेंडे आत्ताच पाठ कर. पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक नाही. निळा म्हणजे मागून तुझ्यापेक्षा फास्ट गाडी येतेय, तिला जाऊ दे. सिमवर जिंकायची सवय लागलेली पोरं नेमका निळाच विसरतात.